धूळकाका

भोर आणि वेल्हे तालुक्यांतील तमाम बंधू, भगिनी, दुकानदार, रिक्षावाले आणि मंगळवारच्या बाजाराला आलेले पाहुणे यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या भोर गावात एसटी स्टँडच्या मागच्या इमारतीत एक असा माणूस राहून गेला, ज्याने आयुष्यभर एका फटीची राखण केली. ती फट त्याने कधी डोळ्यांनी पाहिली नाही. कुणीच पाहिली नाही. पण ती बुजली असती तर तुमच्या लग्नांचे व्हिडिओ, बँकेतली खाती, सातबाऱ्याचे उतारे आणि नातवंडांच्या वाढदिवसांचे फोटो एका क्षणात खरवडून निघाले असते. सदर माणसाची नोंद नगरपालिकेत फक्त घरपट्टी भरणारा अशी आहे. हे बरोबर नाही, म्हणून ही दवंडी.

माणसाचं नाव मुकुंद रामचंद्र हर्डीकर. गाव त्यांना धूळकाका म्हणायचं. आधी पाठीमागे आणि मग तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. ते म्हणायचे, "नाव बरोबर आहे. पोलीस ओळखला जातो तो चोरांमुळेच."

माझा भोरमध्ये फोटो स्टुडिओ आहे. लग्न, मुंज, बारसं, दुकानाचं उद्घाटन, उमेदवाराचा अर्ज भरायला निघालेली मिरवणूक, यांपैकी काहीही असो, मी कॅमेरा घेऊन हजर. काका पहिल्यांदा आले ते पासपोर्ट फोटो काढायला. शिडशिडीत, उंच, डोक्यावर पांढरी कापडी टोपी, आणि चालणं असं की पुढची फरशी नुकतीच पुसलेली आहे आणि पुसणारी बाई बघते आहे. माझ्या दुकानाच्या पत्र्यात उजेडासाठी एक काच बसवलेली आहे. सकाळी तिच्यातून उन्हाची तिरीप थेट खुर्चीवर पडते. काका खुर्चीवर बसलेच नाहीत. तिरिपीकडे बोट करून उभे राहिले.

"दिसतंय का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ऊन आहे.

"उन्हात काय आहे?"

मी म्हटलं, धूळ आहे थोडी.

"दगड आहेत," काका म्हणाले. "धोंडे. शिळा. आणि त्यांच्या खाली तुम्ही लोकांची लग्नं उघड्यावर ठेवलीत." मग त्यांनी माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्याच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि ते बोट मला असं दाखवलं, की जणू मी कुणाचा तरी गळा दाबला होता आणि ते माझ्या हातचे ठसे होते.

त्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. "काय स्टुडिओ, आज किती वऱ्हाडं?" असं ते विचारायचे, आणि मी "जवळजवळ सगळं गाव," असं काहीतरी बोललो की लगेच प्रश्न यायचा: "जवळजवळ म्हणजे किती?" हा प्रश्न त्यांनी भाजीवालीला, एसटीच्या कंडक्टरला, दवाखान्यातल्या डॉक्टरला, सगळ्यांना विचारला. उत्तर कुणीच दिलं नाही.

आता ती फट. हार्ड डिस्कच्या आत आरशासारखी चकचकीत तबकडी असते. ती गरागरा फिरते, आणि तिच्यावर एका बारीक दांडीच्या टोकाला हेड असतं, मोहरीच्या दाण्याहून लहान. तेच लिहितं, तेच वाचतं. गंमत अशी, की ते तबकडीला टेकत नाही. तबकडीबरोबर जी हवा फिरते, तिच्यावर ते तरंगतं. त्या हेडच्या पोटावर असे खळगे कोरायचे की हवेनं त्याला नेमकं हवं तेवढंच उचलावं, केसभर जास्त नाही, हे काकांचं आयुष्यभराचं काम. मी 'केसभर' म्हटलं तेव्हा काकांनी मला तिथेच थांबवलं होतं. केस म्हणजे त्यांच्या दृष्टीनं वडाचं खोड.

"किती उंचीवर तरंगतं मग?" मी विचारलं होतं.

काकांनी स्वतःची करंगळी वर धरली. "हे नख वाढतंय की नाही? तुम्ही 'कसं काय, बरं आहे ना' एवढं म्हणता तेवढ्यात ते जितकं वाढेल ना, तितकी ती फट."

मी नखाकडे बघत राहिलो. नंतर कित्येक दिवस, कुणी 'बरं आहे ना' म्हटलं की माझी नजर करंगळीकडे जायची.

लोक यासाठी विमानाचं उदाहरण देतात, जमिनीला घासून उडणाऱ्या मोठ्या विमानाचं. काकांना ते अजिबात आवडत नसे. त्यांचं म्हणणं, विमान खाली आलं तर निदान उतरतं तरी, आमच्याला उतरायची सोय नाही. त्यापेक्षा ते दर आठवड्याला एसटीनं सारोळ्याला जायचे आणि नीरेच्या पुलाखाली काठावर बसायचे. वर हायवेवरून ट्रक धडधडत असायचे आणि खाली हे एकटे, रुमाल अंथरून, पाकोळ्या बघत, म्हणजे पाण्यावरून सुरकांडत जाणारी ती चिमुकली पाखरं. पाकोळी उडताना पाण्याच्या इतक्या जवळ येते की वाटतं शिवली, आणि ती शिवत नाही. एकदा मी सोबत गेलो होतो. दोन तास आम्ही त्या पाकोळ्या पाहिल्या. परतताना ते म्हणाले की, आमच्या कंपनीत दीडशे माणसं याच कामावर होती, दुपारी जेवताना आम्ही फक्त या फटीबद्दल बोलायचो. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले की, आता ती सगळी कुठे आहेत कोण जाणे.

ते परदेशात पस्तीसेक वर्षं होते. काकू तिकडेच वारल्या. एकुलता एक मुलगा तिकडेच, आणि तो, काकांच्या शब्दांत, 'विरोधी पक्षात गेला'. म्हणजे ज्या नव्या मेमरीत काहीच फिरत नाही, काहीच तरंगत नाही, ती बनवणाऱ्या कंपनीत. रविवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. काका टोपी घालून, शर्टाचं वरचं बटण लावून फोनसमोर बसायचे. तो विचारायचा, तब्येत कशी आहे. हे सांगायचे, चांगली आहे. मग हे विचारायचे, तुमच्या त्या वस्तूत काही हलतं का रे अजून. तो हसायचा. फोन संपायचा. तुम्ही फोटो ढगात पाठवता ना, असं काका मग मला सांगायचे, तो ढग म्हणजे कुठल्यातरी गोदामात फिरणाऱ्या आमच्याच तबकड्या आहेत, त्याला म्हणावं विचार जाऊन. त्याला म्हणावं, हे मला सांगायचे. त्याला नाही.

एवढं सगळं करून माणूस भोरला परत आला आणि फ्लॅट घेतला कुठे, तर एसटी स्टँडच्या मागे, तळमजल्यावर. फोनवरून घेतला, न बघता. महाडकडून येणारी, पुण्याकडून येणारी, वेल्ह्याकडून येणारी, जगातली सगळी धूळ जिथे उतारू म्हणून उतरते, बरोबर त्या दारात. काकांनी खिडक्यांना आतून पट्ट्या चिकटवल्या. दाराशी पाय धुवायचे, मग त्यांनी दिलेले धुतलेले मोजे घालायचे, मग टोपी. उदबत्ती नाही. फोडणी मागच्या गॅलरीत. पहिल्या वर्षी शेजारच्या बायका तिळगूळ घेऊन आल्या, गणपती मंडळाचे लोक वर्गणीला आले, दोन जुने शाळासोबती आले. मोजे घालताना सगळे हसले. दुसऱ्या वर्षी कमी आले. तिसऱ्या वर्षी दाराबाहेरच्या बाकावर धुतलेले मोजे घडी घालून तयार असायचे आणि ते घालायला कुणी नसायचं. ते मोजे काका तरीही दर सोमवारी धुवायचे. न वापरलेले मोजे. धूळ बसते, म्हणायचे.

वाचनालयाच्या हॉलमध्ये मी त्यांचं व्याख्यान ठरवलं होतं. फलक मीच रंगवला. काकांनी पंधरा दिवस तयारी केली. थेट भाषांतर नको, लोकांना आपल्या मराठीत कळलं पाहिजे, म्हणून शब्द शोधले. हॉलमध्ये सात-आठ माणसं. त्यातले तिघे चहासाठी, एक ग्रंथपाल, एक त्याचा मेव्हणा. अध्यक्षांनी झेंडूचा हार घालायला हात उचलले तर काका दोन पावलं मागे सरले, परागकण म्हणून. अध्यक्ष रागावून बसले ते शेवटपर्यंत. पण काका बोलले मात्र असे, की तबकडीवर तेलाचा थर असतो तो एका रेणूएवढा, हे सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. तो थर सगळीकडे सारखा बसावा म्हणून त्यांच्या ओळखीच्या एका बाईनं तारुण्य घालवलं होतं. तिची त्यांना आठवण आली आणि ते मध्येच थांबले. मग प्रश्नोत्तरं. एकच प्रश्न आला: पेनड्राईव्ह घ्यायचा झाला तर कुठल्या कंपनीचा घ्यावा. काकांनी त्याचंही उत्तर दिलं, नीट, शांतपणे, फायदे-तोटे सांगून. सगळे गेल्यावर ते स्टेजवरच्या खुर्चीत बसून राहिले आणि मी सतरंजी गुंडाळत होतो. तेव्हा ते म्हणाले, की मला एवढंच हवं होतं, कुणीतरी एकानं विचारावं, तुम्हाला ते जमलं कसं.

मी विचारायला हवं होतं का? मला तेव्हा सुचलं नाही. मी सतरंजी गुंडाळली.

आता इंदूबाई. ही या गोष्टीतली दुसरी आणि शेवटची व्यक्ती, त्यामुळे वाचकांनी घाबरू नये. इंदूबाई वेल्ह्याकडच्या, गुंजवण्याच्या बाजूच्या एका वाडीतल्या. ती वाडी धरणात गेली. काही घरं माळावर पुनर्वसनात गेली, इंदूबाई नवऱ्यामागे भोरला आल्या, आणि नवरा वारल्यावर चार घरचं काम करू लागल्या. काकांकडे त्या स्वयंपाकाला लागल्या तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मोज्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, येवढी सफाई तर बाळंतिणीच्या खोलीत बी न्हाई." पण घातले. आणि रोज घातले. सगळ्या गावात रोज ते मोजे घालणारं एकच माणूस होतं आणि ते म्हणजे इंदूबाई.

दोघांचं जमलं कसं, हे मी दाराआडून ऐकलेलं आहे. काका त्यांना तेलाच्या थराबद्दल सांगत होते, एका रेणूच्या. इंदूबाईंनी पोळी उलटत विचारलं, "मग चिकटत न्हाई व्हय तव्याला?" काकांनी खुर्ची तव्याजवळ ओढली. मग म्हणाले, चिकटायचं, सुरुवातीला चिकटायचंच, तेलानंच चिकटायचं, बंद पडलेली तबकडी परत फिरायचीच नाही, आणि त्यात आमची पाच वर्षं गेली. "मग?" इंदूबाई म्हणाल्या. आणि काका पोळी थंड होईपर्यंत सांगत राहिले.

वाडीवर पाणी चढायच्या आधी तिथल्या लोकांनी मला बोलावलं होतं. घर न् घर शूट करा, म्हणाले, माणसांसकट. मी दिवसभर शूट केलं आणि सगळ्यांना सीडी करून दिल्या. पुढे सीडी लावायची यंत्रंच गेली. लोकांनी त्या सीड्या भाताच्या खाचरात पाखरं हाकलायला टांगल्या, ऊन पडलं की लांबून चमकायच्या. इंदूबाईंच्या भावानं त्यांचीही टांगली. मूळ चित्रण राहिलं माझ्या एका हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क एके दिवशी टक-टक-टक करायला लागली, मग गप्प झाली.

मी हे काकांना चहा पिताना सहज सांगत होतो. इंदूबाई ओट्याजवळ होत्या. त्यांनी विचारलं कुठली वाडी, मी नाव सांगितलं, आणि त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"त्यात आमची आय हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला च्या केलाता तिनं."

मला आठवलं. नऊवारीतली ठेंगणी बाई, बोलण्यात फार तिखट. पुनर्वसनाच्या माळावर गेल्यावर ती वर्षभरच राहिली. तिचा दुसरा फोटो म्हणजे रेशनकार्डावरचा, त्यात ती कुणीही असू शकते. इंदूबाईंना आईला हलताना बघायचं होतं, बोलताना ऐकायचं होतं. एकदा. त्यांनी ते काकांना एकाच वाक्यात सांगितलं आणि आत गेल्या.

काका नाही म्हणाले. हेड बदलावं लागेल, त्याला बिनधुळीची खोली लागते, यंत्रं लागतात, मी एक निवृत्त माणूस एसटी स्टँडच्या मागे राहतो. पुढचे दोन दिवस आमटीला मीठ नव्हतं. तिसऱ्या दिवशी काकांनी मला मासे पाळायची काचेची पेटी बघायला सांगितली.

त्या पेटीला त्यांनी दोन गोल भोकं पाडून रबरी हातमोजे बसवले, वर पंखा आणि पुण्याहून आणलेला दवाखान्यातला फिल्टर. खोली काळोखी करून पेटीत बॅटरीचा झोत सोडायचे आणि तासन्‌तास बघत बसायचे. दगड दिसला की परत पहिल्यापासून. माझ्या डिस्कसारखी, त्याच घडणीची दुसरी एक डिस्क पुण्यातल्या भंगारवाल्यांकडे शोधायला तर पाच-सहा महिने गेले. तिचं हेड काढून हिच्यात घालायचं होतं. एका संध्याकाळी पेटीत एकही दगड दिसला नाही. काकांनी मला मुद्दाम बोलावून तो काहीही नसलेला उजेड दाखवला. नवरात्र चालू होतं. अष्टमीला त्यांनी माझी डिस्क उघडून पेटीत ठेवली. उद्या एक दिवस असंच राहू दे, सगळं स्थिर होऊ दे, परवा दसऱ्याला हात घालू.

मधला दिवस खंडेनवमीचा. हत्यारं पुजायचा. या दिवशी आमच्याकडे एसटीचा ड्रायव्हर गाडीला हार घालतो, शिंपी मशीनला, न्हावी वस्तऱ्याला, मी माझ्या कॅमेऱ्यांना. मी काकांना स्टुडिओत पूजेला बोलावलं होतं, आणि उदबत्ती असूनही ते आले, तोंडाला रुमाल बांधून का होईना. पूजा झाल्यावर म्हणाले, चला स्टुडिओ, तुमची डिस्क बघायला या, आत आरसा आहे आरसा.

दार उघडलं आणि वास आला.

काचेच्या पेटीचं झाकण उघडं होतं. आत, त्या आरशावर, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. त्यावर अक्षता. त्यावर झेंडू. शेजारी एका केळ्यात खोचलेल्या दोन उदबत्त्या, आणि त्यांचा धूर फिल्टरच्या पंख्यामुळे पेटीत अगदी शिस्तीत गोल फिरत होता. बाजूला इंदूबाई, टोपी आणि धुतलेले मोजे घालून, हात जोडून. नियम त्यांनी एकही मोडला नव्हता, उदबत्तीचा सोडला तर.

"तुमच्या हत्यारास्नी कुणी कदी पुजलंय का न्हाई, मला म्हाईत न्हाई," त्या काकांना म्हणाल्या. "म्हणलं आपुन करावं. हत्याराला बी लावलं अन् आयला बी. आत हाय न्हवं ती."

ज्या माणसानं बँकेच्या मॅनेजरला खुर्चीवरची धूळ फुंकली म्हणून उभंच ठेवलं होतं, तो आता काय करेल म्हणून मी दारातच थांबलो. काका पुढे झाले. पेटीसमोर उभे राहिले. मग डोक्यावरची टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला.

"छान केलंत, इंदूबाई," ते म्हणाले. "आता चहा टाका."

त्या गॅलरीत गेल्या तेव्हा मी पाहिलं, काकांनी टेबलाची कड घट्ट धरलेली होती. मी हळू आवाजात विचारलं, किती गेलं असेल?

"बरंचसं," काका म्हणाले. मी वाट बघितली, पण बरंचसं म्हणजे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, तिच्याजवळ काही बोलायचं नाही.

कुंकू फक्त वरच्या बाजूला लागलं होतं. आत तबकड्या दोन, म्हणजे बाजू चार, प्रत्येक बाजूला तिचं एक हेड, आणि चित्रण चारही बाजूंवर थोडं-थोडं विखुरलेलं असतं. वरची बाजू काकांनी सोडून दिली. तिचं हेड कापूनच टाकलं, नाहीतर कुंकवाच्या पहिल्या कणावर आपटून त्यानं बाकीच्यांनाही घेऊन मरण पत्करलं असतं. उरलेल्या तीन बाजूंवर धुराचा थर. तो त्यांनी कसा काढला ते मला नीट माहीत नाही. त्यासाठी त्यांनी त्या तेलाच्या थरावर काम करणाऱ्या जुन्या ओळखीतल्या बाईचा पत्ता शोधून तिला मेल लिहिला. उत्तर तिच्या मुलीकडून आलं. आई आता कुणाला ओळखत नाही. काकांनी मग स्वतःच्या अंदाजानं केलं. सारोळ्याला जाणं थांबलं. दिवाळी गेली, थंडी पडली. त्यांच्या खिडकीवरून जाताना मला ते दिसायचे, कोपरापर्यंत हात काचेत घालून, एकटे, मान वाकवलेली. रविवारी मुलाचा फोन वाजायचा तेव्हा हात बाहेर काढायला वेळ लागायचा आणि तोपर्यंत तो बंद व्हायचा. परत लावायचे नाहीत.

इंदूबाईंना त्यांनी सांगून ठेवलं होतं, की चित्रण मिळेल ते तुटक मिळेल, काही भाग आधीच गेलेला होता.

"आदीच?" इंदूबाईंनी विचारलं. "म्हंजी कुंकवानं काय झालं न्हाई?"

"नाही," काका म्हणाले. "कुंकवानं काय होतंय?"

आयुष्यभर अणू-रेणूंचा हिशेब देणाऱ्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच खोटी गोष्ट, आणि ती त्यांना अजिबात नीट सांगता आली नाही. इंदूबाईंनी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. पुन्हा तो विषय काढला नाही. पण त्या दिवसानंतर त्या काकांचं ताट वाढताना आधी ताट उजेडात धरून बघायच्या.

डिस्क फिरली ती माघ महिन्यात. दुपारी बारा-एकच्या सुमाराला फोन आला, स्टुडिओ, या. मी गेलो तेव्हा इंदूबाई खुर्चीवर बसलेल्याच नव्हत्या, खाली सतरंजीवर बसल्या होत्या, नव्या लुगड्यात. काका टेबलाशी. काकांचा मुलगा पुढच्या महिन्यात त्यांना न्यायला येणार होता, त्यांची तब्येत बरी नसल्याचं त्याला कुठूनतरी कळलं होतं. तो आला आणि घेऊन गेला, आणि वर्षभरात तिकडूनच काका गेल्याची बातमी आली. फ्लॅट विकला गेला. तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. पण तो सगळा मजकूर मला नको आहे. मला काका दिसतात ते त्या दुपारी.

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर वाडी आली. मागे राजगड, उन्हातली खाचरं, एक कोंबडी, देवळाची पायरी. चित्र तुटलं, काळं झालं, परत आलं. कुणाचा तरी गोठा. परत तुटलं. मध्येच फक्त आवाज, कुणीतरी माझ्यावर हसत होतं, फोटोवाल्याला पाट द्या म्हणून. काका खुर्चीच्या अगदी कडेला आले होते. आणि मग एक अंगण आलं, शेणानं सारवलेलं, आणि एक दार, उघडं.

आई होती. पण पाठमोरी. कॅमेरा अंगणात शिरायच्या आतच ती वळली असणार. ठेंगणी पाठ, डोईवरचा पदर, आणि आवाज, खणखणीत: "बसा दोघंबी, च्या टाकते, आले." दोघं म्हणजे मी आणि सामान धरायला नेलेला माझा मेव्हणा. ती उंबरा ओलांडून आत गेली. आतल्या काळोखात लुगड्याचा काठ दिसला आणि तिथेच चित्र थांबलं. पुढचं सगळं वरच्या बाजूवर होतं. चहाचा कप, तिचा चेहरा, सरकारला घातलेल्या शिव्या. ते फक्त मला आठवतं.

थांबलेल्या चित्रात दार तसंच उघडं. काकांनी बटण दाबलं, परत दाबलं. मग हात मागे घेतला. ते इंदूबाईंकडे वळून काहीतरी सांगणार होते, बहुतेक खरं तेच. त्यासाठी ते उठून उभे राहिले. टोपी हातात. पण माणूस परक्याच्या अंगणात उभा राहतो तसे ते त्या दारासमोर उभे राहिले, नुसतेच, वाट बघत असल्यासारखे.

मग इंदूबाईंनी काकांकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि मोठ्यानं हाक मारली, जशी अंगणातून आत मारतात तशी:

"आये, ये की भाईर. काका कवाधरनं थांबल्यात."